चिंच लावण्याआधी

पुण्यातला वाडा पुनर्विकासाला गेला, की माळ्यावरून दोन पोती खाली येतात. एकात भांडी असतात, ती सगळ्यांना ओळखू येतात. दुसऱ्यात ‘हे काय आहे?’ असतं. बुडाला भोक असलेली वाटी, चोच असलेला पेला, कशाचं तरी झाकण, कशाचा तरी दांडा. आणि घरातलं कोणीतरी लगेच चिंच घेऊन बसतं. दहा मिनिटांत वस्तू झळाळते, आणि ती कशाची होती हे सांगणारा निम्मा पुरावा मोरीतून वाहून जातो.

तेव्हा आधी घासायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, वस्तू खिडकीशी उजेडात न्यायची आणि आतून, बाहेरून, विशेष करून बुडाकडून बघायची. बाहेर बुडाला काजळी असेल तर वस्तू चुलीवर चढत होती. काजळी आतून असेल तर आत काहीतरी जळत होतं: दिवा, धुपाटणं, शेगडी. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून राखाडी-पांढुरका थर असेल तर ती कल्हई. कल्हई आहे म्हणजे त्यात शिजत होतं किंवा आंबट काही ठेवलं जात होतं, नाहीतर अन्न कळकलं असतं. पाण्याच्या आणि पूजेच्या भांड्यांना ती सहसा नसते. ती बुडाशी गोलाकार झिजली असेल, तर त्यात पळी फिरत होती.

पांढरा कडक थर फसवतो. लिंबाचा एक थेंब टाकला आणि फसफसलं की लोक ‘चुनाळू!’ (विड्याच्या चुन्याची डबी) म्हणून मोकळे होतात. पण विहिरीच्या जड पाण्याचा थरही तसाच फसफसतो, कारण जुना चुना हवेत राहून शेवटी तोच पदार्थ होतो. फरक जागेत आहे. पाण्याचा थर एका पातळीवर रेघेसारखा आणि बुडाशी सारखा बसतो. चुन्याचा थर कोपऱ्यात जाड असतो, मधे बोट फिरल्यासारखा खड्डा असतो, आणि झाकणाच्या आतल्या कडेलाही लागलेला असतो.

दोन कप्प्यांची छोटी डबी असेल आणि एका कप्प्यात पिवळट-काळपट काहीतरी घट्ट बसलं असेल, तर ते खरवडून टाकू नका. नखाने उचकटून बघा. गुळगुळीत सोलपट निघालं आणि वाफेवर धरल्यावर मऊ पडलं तर ते मेण, म्हणजे हातात आहे तो कुंकवाचा करंडा. कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवायची पद्धत होती. चिंचेने धुतलेला करंडा मात्र नुसती ‘दोन खणांची डबी’ उरतो, मग त्याला कोणी तपकिरीची म्हणतं, कोणी मिठाची.

थर काही बोलला नाही तर झीज बघायची. आकार फसवा असतो. चोच म्हटली की झारी, दिवा, तेलाचं भांडं, काहीही असू शकतं. पण माणसाचा हात आणि वस्तूचं काम ठरावीक जागीच घासतं. वाटीएवढ्या भांड्याला चोच असेल, चोचीचं टोक गोल आणि लोण्यासारखं गुळगुळीत असेल, काजळी कुठेच नसेल, तर ते बाळाला दूध पाजायचं बोंडलं. दिव्याच्या चोचीला काजळी लागते, आणि तिथली धातू वातीच्या आचेने काळवंडलेली असते. मुठीत मावेल असा पितळी प्राणी असेल, वरून छान, पण खालच्या बाजूला आडव्या-उभ्या खाचा, आणि त्यातल्या मधल्या खाचा बोथट झालेल्या, तर ती पाय घासायची वज्री. तिला कागद दाबायचं वजन समजून टेबलावर ठेवणारे बरेच. मिठाच्या डबीसारखी छिद्रांची डबी असेल आणि तिचा माथा फुगीर नसून बशीसारखा खोलगट असेल, तर ती वाळूदाणी. ओल्या शाईवर वाळू भुरभुरवायची आणि उरलेली पुन्हा त्याच बशीतून आत ओतायची, म्हणून खोलगट.

लाकडाचा खोलगट पेला, बुडाला तीन तिरकी भोकं, हेही शहरात हमखास चुकतं. ते तिफणीचं, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराचं, चाडं. पेरताना मुठीतून त्यात बी सोडायचं, ते तीन नळ्यांतून शेतातल्या तीन ओळींत पडतं. भोकं दोन असतील तर दुफणीचं. भोकांच्या कडा आतल्या बाजूने बियाण्याने घासून चकचकीत झालेल्या असतात. हल्ली कोथरूडच्या दिवाणखान्यात त्यात वाळकी फुलं खोचलेली दिसतात. दिसतात छान, तक्रार नाही.

आता बुडाला भोक असलेली ती तांब्याची वाटी. तिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही ठामपणे सांगितले जातात. भोक गंजाने पडलेलं असेल तर कडा वेड्यावाकड्या आणि आजूबाजूचा पत्रा पातळ असतो. तो विषय तिथेच संपला. भोक बरोबर मध्यावर, गोल, सुईएवढं असेल तर काठ बघा. काठाला तीन किंवा चार कड्या, निदान साखळी अडकवायची भोकं असतील आणि पत्रा जाड असेल, तर ते पिंडीवर टांगायचं अभिषेकपात्र. कड्या नाहीत, पत्रा पातळ, बूड गोल, तर घटिकापात्र असण्याची शक्यता दांडगी. मुहूर्ताची वेळ मोजायला ते पाण्यावर तरंगत सोडत. भोकातून पाणी आत चढत जाई, आणि पात्र बुडालं की एक घटिका झाली. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं, अहोरात्रात ६० घटिका.

याची परीक्षा घरी होते. रुंद पातेल्यात वीतभर खोल पाणी घ्या, ते हलायचं थांबू द्या. कोरडी वाटी अलगद सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. वाटी एका बाजूला कलली तर काठ चेपलेला आहे, मग वेळ चुकणार. साधारण २३ ते २५ मिनिटांत बुडाली तर शंका ठेवायला जागा नाही. दहा मिनिटांत बुडाली तर एक तर ती घटिकापात्र नाही, किंवा मधे कोणीतरी भोक ‘साफ’ केलंय. बुडायचं नावच घेत नसेल तर भोकात क्षार बसलेत. इथे सुई घालायची नाही. पाणी किती शिरतं हे भोकाच्या क्षेत्रफळावर असतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. भोक व्यासाने दहा टक्के मोठं झालं तर पाणी एकवीस टक्के जास्त शिरतं, आणि २४ मिनिटांचं पात्र जेमतेम २० मिनिटांचं उरतं. कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवून ठेवा आणि उलट बाजूने फुंकर मारा, तेवढं पुरतं. हिवाळ्यातल्या गार पाण्यात वेळ थोडा वाढतो, ते गृहीत धरा.

घरातला डिजिटल काटा हे ओळखीचं सर्वांत स्वस्त हत्यार आहे. लोखंडाचा किंवा पितळेचा, काहीच काम न दिसणारा गोळा किंवा चकती असेल तर आधी वजन करा. ५८ ग्रॅमच्या आसपास भरलं तर छटाक, ११७ ला आधपाव, २३३ ला पावशेर, ४६६ ला अच्छेर, ९३३ ला शेर. ऐंशी तोळ्यांच्या शेराचे हे भाग आहेत, तोळा ११.६६ ग्रॅमचा. झिजेमुळे दोन-चार ग्रॅम कमी येईल, जास्त येणार नाही. जास्त आलं तर बुडात शिसं भरलंय का बघा. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनं आली, त्यामुळे २३३ ग्रॅमचं वजन त्याच्या आधीच्या पद्धतीचं हे निश्चित. धान्याच्या मापांना वजन करून उपयोग नाही, त्यांना पाणी भरून मोजायचं. कोळवं, चिपटं, मापटं, शेर अशी ती दुपटीने चढतात, आणि चार शेरांची पायली. दोन भांडी मिळाली आणि एकात दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट पाणी मावलं, तर ती मापं. फक्त धान्य शीग लावून, म्हणजे काठावर ढीग चढवून मोजत, म्हणून पाण्याने आलेला आकडा प्रत्यक्ष धान्यापेक्षा कमीच असतो.

मधे मोठं भोक असलेला तांबूस ‘वायसर’ खिळ्यांच्या डब्यात सापडला, तर फेकण्याआधी भिंगाखाली बघा. व्यास २१ मिलिमीटर, वजन २ ग्रॅम, एका बाजूला मुकुट आणि १९४३ ते १९४७ मधलं साल असेल तर तो भोकाचा पैसा. ओबडधोबड, जाड तांब्याच्या तुकड्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ यातली दोन-चार अक्षरं जरी दिसली तरी ती शिवराई. तिला तर चिंच अजिबात लावू नका. अक्षरं आधीच उथळ, त्यात आंबटाने ती आणखी उतरतात, आणि नाणेवाले घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत.

त्याच काट्यावर धातूही ओळखता येतो. वस्तूचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, वस्तू दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं वस्तूचं आकारमान मिलिलिटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. २.७ आलं तर ॲल्युमिनियम, ७.९ लोखंड, ८.५ च्या जवळ पितळ, ९ ला टेकलं तर तांबं, १०.३ ते १०.५ चांदी, ११.३ शिसं. ‘आजेसासूबाईंची चांदीची अत्तरदाणी’ बऱ्याचदा इथे ८.६ दाखवते, म्हणजे जर्मन सिल्व्हर, किंवा पितळेवर चांदीचा मुलामा. घरात हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. चुका दोन ठिकाणी होतात. नक्षीत हवेचे बुडबुडे अडकतात (पाण्यात साबणाचा एक थेंब टाका), किंवा वस्तू आतून पोकळ, लाख भरलेली असते. मग उत्तर खरं असायला हवं त्यापेक्षा बरंच कमी येतं. पन्नास ग्रॅमच्या आतल्या वस्तूला एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरत नाही, सोनाराकडचा हवा. पितळ आणि कासं यांत मात्र ही रीत कामाची नाही, दोघांची घनता जवळजवळ सारखी. तिथे टिचकी मारायची. कासं लांब घुमतं. आणि पडलं तर पितळ चेपतं, कासं तडकतं.

वस्तू घडली कशी, हेही बुडावर लिहिलेलं असतं. अंगभर सारखे हातोडीचे ठसे म्हणजे मठारकाम. बारीक समकेंद्री रेघा म्हणजे लेथवर फिरवलेली. कडेने उभी शीर आणि दाणेदार पोत म्हणजे ओतीव. जुन्या बाजारात ‘पेशवेकालीन’ म्हणून मिळणाऱ्या वस्तूला हिरवा रंग असतो तो सगळीकडे सारखा, मुठीवरसुद्धा. जिथे शंभर वर्षं हात लागला तिथे हिरवं कसं साठेल?

नव्या फ्लॅटमधल्या गूढ वस्तू कमी गूढ असतात. लॅपटॉपच्या वायरवरचं जाड नळकांडं म्हणजे फेराइट. ते वायरीतला विद्युत गोंगाट अडवतं, कापून टाकू नका. मधोमध राखाडी ठिपका असलेली छोटी धातूची कळी ही कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. ठिपका वितळून भोक पडलं असेल तर कुकर कोरडा तापला होता, व्हॉल्व्ह नवा घ्या. पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसासारखी तार असेल तर ती रॉकेलच्या स्टोव्हची पिन. चिनी मातीचे खाचांचे तुकडे हे जुन्या वायरिंगचे. आणि नळाचा तुकडा मोजल्यावर २१ मिलिमीटर भरला म्हणून गोंधळू नका, तो अर्धा इंचीच आहे. आट्यांचा बाहेरचा व्यास तेवढाच येतो. पाऊण इंची असेल तर २६ च्या थोडं वर.

काही वस्तू ओळखायच्याच नसतात. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, आजूबाजूला लष्कर आहे, त्यामुळे भंगारात काडतुसं येतात. रिकाम्या पितळी नळकांड्याला पुढे गोळी नसेल आणि बुडाच्या टिकलीवर खळगा असेल तर ते उडवलेलं. पुढे गोळी बसलेली असेल तर टिकलीवर खळगा असो वा नसो, हात लावू नका. खळगा असूनही न उडालेलं काडतूस असू शकतं. पोलादी अंगाला खालच्या बाजूला तांब्याचा पट्टा असलेली जड वस्तू म्हणजे तोफेचा गोळा समजा, जागेवरून हलवू नका, ११२ ला फोन करा. जुन्या घड्याळाच्या काट्यांवर पिवळट-तपकिरी, भुगा होत चाललेला रंग दिसला तर काच उघडू नका. तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. चमक मरते, रेडियम नाही.

एवढं करून उत्तर मिळालं नाही तर फोटो काढा: साधा कागद खाली, उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद, शेजारी दहा रुपयांचं नाणं (व्यास २७ मिलिमीटर), आणि बुडाचा फोटो वेगळा. मोबाइलमधली चित्रशोधाची सोय चोच असलेल्या प्रत्येक गोष्टीला दिवा म्हणते, कारण तिला विक्रीच्या जाहिरातीच जास्त सापडतात. त्यापेक्षा शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. अडकित्ते, दिवे, वज्र्या ओळीने मांडलेल्या आहेत. घडणीबद्दल शंका असेल तर कसब्यातली तांबट आळी. पुण्यात सांगणाऱ्यांची वाण नाही, अडचण एवढीच की सगळे खात्रीने सांगतात. म्हणून प्रत्येकाला विचारायचं, ‘कशावरून?’ आणि बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात गेलात तर विक्रेत्याला ‘हे काय आहे’ असं विचारू नका, तो किंमत वाढेल असं काहीतरी सांगेल. ‘याचा दुसरा भाग तुमच्याकडे आहे का?’ असं विचारा. ज्याला वस्तू माहीत असते, तो लगेच सांगतो की याला दुसरा भाग नसतोच, किंवा ढिगातून तो काढून देतो.