पैलवानांची साडेअकराची भूक

आमच्याकडे आहारतज्ज्ञाची खोली जिन्याखाली आहे. वर डॉक्टर गोळ्या लिहितात, कागदाच्या कोपऱ्यात 'डाएट' असं खरडतात आणि पेशंट कंटाळलेल्या चेहऱ्यानं खाली येतो. हातात बहुतेक वेळा कुणीतरी आधीच दिलेला झेरॉक्स तक्ता असतो. त्यात ओट्स आणि ब्रोकोली. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या माणसाला ब्रोकोली!

पैलवान असेच आले. साठीच्या आसपासचे, कुस्तीनं मोडलेले कान, आवाज मात्र मऊ. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ८.९. साडेसहाला मधुमेह म्हणतात, म्हणजे गोळ्या चालू असूनही साखर हाताबाहेर.

"काय खाता?" हा प्रश्न मी शेवटी विचारते, कारण त्याला सगळे खोटं उत्तर देतात. आधी विचारते, जेवायला किती वेळ लागतो?

"ताट म्होरं आलं की सात-आठ मिन्टं. तालमीत सवयच तशी, मॅडम. खुराक वस्ताद ठरवणार. दूध, थंडाई, तूप, सगळं मापात. पोट भरलं का, असं कुणी इचारलंच न्हाई. ठरलेलं संपवायचं."

जोर-बैठका वीस वर्षांपूर्वी सुटल्या, जेवणाचा सपाटा राहिला. मटणाच्या ताटाला सगळे नावं ठेवतात, पण त्यात मटणाच्या फोडी किती असतात? खरी गंमत पांढऱ्या रश्श्याची. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, आणि ते वाटीनं प्यायचं. चावावं लागत नाही, म्हणून कुणी ते खाण्यात धरतच नाही. त्यावर तांबडा आणि भात. पोटाचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत उठणाऱ्याला तो हात धुऊन झाल्यावर मिळतो.

म्हणून मी माइंडफुल ईटिंग, म्हणजे प्रत्येक घासाकडे लक्ष देऊन सावकाश खाणं, करून घेते. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबॅट-झिन यांनी ताणासाठी जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात एक बेदाणा बघत, हुंगत, सावकाश चावत खायला लावतात. बेदाणा दिला तर आमचे लोक हसतात. मी डबा घेऊन यायला सांगते.

पुढच्या भेटीला पैलवान साडेअकराला आले. फडक्यात दोन भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. पहिल्या घासाआधी नेहमीचा प्रश्न : भूक किती, शून्य ते दहा?

"धा. लई भूक. हात बगा की, थरथरायला लागल्यात."

पंखा चालू होता आणि कपाळावर घाम. भाकरी बाजूला ठेवली आणि बोटाला सुई लावली. साखर ५८. सत्तरच्या खाली गेली की तातडी. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ९१.

"मॅडम, भूक गेली की!" ते चकितच झाले.

मग सगळं बाहेर आलं. सकाळी सातला चहाबरोबर ग्लिमेपिराइड. ही गोळी नाष्ट्याच्या वेळी घ्यायची. पण रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मित्रानं दोनदाच जेवायचं सांगितलं, म्हणून नाष्टा बंद. गोळी चालूच. अन्न आलंय की नाही हे ती बघत नाही, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. म्हणजे रोज साडेअकराला हात थरथरायचे, पैलवान त्याला भूक समजून ताटावर तुटून पडायचे, वर दुप्पट भात. दुपारी साखर चढायची. ती बघून गोळी वाढवलेली.

मी वर फोन केला. डॉक्टरांनी लगेच डोस कमी केला, नाष्टा चालू करायला सांगितलं, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. एरवी उत्तर ठरलेलं असतं, "तुम्ही खाणं बघा, गोळ्या आम्ही बघतो." गोळी आणि खाणं एकाच पोटात जातं, हे कोण बघणार?

त्यानंतर ते सावकाश जेवले. वांग्याच्या देठालाही चव असते, हे मला सांगून झालं. दीड भाकरीवर थांबले. अर्धी टाकायची लाज वाटली, म्हणून फडक्यात परत बांधली.

शरीराचं ऐका, असं मी रोज सांगते. पण हा आवाज शरीराचा की गोळीचा, हे पेशंटनं कसं ओळखायचं? जुन्या मधुमेहात जठराच्या नसाच बिघडल्या असतील तर पोट भरल्याचा निरोपही चुकीचा येतो. या विषयावर शिबिरं घेणारे मेणबत्त्या लावतात, डोळे मिटायला लावतात. गोळ्या कोणत्या, हे विचारताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

आमच्या फॉर्मवर 'शाकाहारी की मांसाहारी' याला ठळक चौकोन आहे. गोळी किती वाजता आणि त्यानंतरचा पहिला घास किती वाजता, याला जागाच नाही. हे दोन रकाने छापून मागितले, तर जुने फॉर्म संपल्यावर बघू म्हणाले. कपाटात अजून चार गठ्ठे आहेत. तोवर मी पट्टी घेऊन पेनानं आखते.