केळ्याच्या डोळ्यांपायी सात आठवडे : माझा अनुभव

चोपड्याला घरी बसून मी मोबाइलचा एक कोड्यांचा गेम तयार केला. क्रेटमध्ये हिरव्या, पिवळ्या आणि ठिपके पडलेल्या केळ्यांच्या फण्या मिसळलेल्या असतात. वरची फणी उचलून दुसरीकडे ठेवत जायचं आणि शेवटी प्रत्येक क्रेटमध्ये एकाच रंगाचा माल आणायचा. कोडिंग झालं, 12 जणांची 14 दिवसांची चाचणी झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते एकाच प्रश्नावर: हा गेम मुलांसाठी आहे का? त्यात सात आठवडे गेले. आजही त्यांचा एका वाक्याचा नकाराचा मेल आठवला की संताप होतो.

गूगल प्ले या ॲप स्टोअरच्या फॉर्ममध्ये वयोगटांच्या चौकटी असतात: 5 आणि त्याखालची, 6 ते 8, 9 ते 12, 13 ते 15, 16-17 आणि 18 च्या पुढे. त्याआधी मजकुराची प्रश्नावली भरली होती आणि तिचा निकाल 3+ आला होता. मारामारी नाही, शिव्या नाहीत, जुगार नाही, म्हणून 3+. मला वाटलं, तीन वर्षांपासून चालतं म्हणजे सगळ्यांसाठीच आहे, आणि मी सगळ्या चौकटींवर खूण केली. इथेच चुकले. 3+ चा अर्थ एवढाच, की लहान मुलाच्या नजरेस पडलं तरी अपाय नाही. गेम कोणाला डोळ्यासमोर ठेवून केला, हा प्रश्न त्याहून अगदी वेगळा. गणिताचं कोडं आजोबांसाठी केलेलं असू शकतं आणि तरी त्याला 3+ मिळतं.

पाच दिवसांनी नकार आला. मुलांचा वयोगट निवडला की जाहिराती दाखवणारी प्रणालीही मुलांसाठी मान्य झालेलीच लागते, आणि फोनचा जाहिरात-आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळखक्रमांक) मुलांकडून घेता येत नाही. माझ्या गेममध्ये दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. हा नकार रास्त होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. सगळ्या खुणा काढल्या, फक्त 18 च्या पुढे ठेवलं आणि पुन्हा पाठवलं. सात दिवसांनी मेल आला: तुमचं ॲप मुलांना आकर्षित करू शकतं. बस, एवढं एकच वाक्य. कशामुळे? नावामुळे, चित्रामुळे की आवाजामुळे? काही नाही. मी अपील केलं, त्यावर तेच वाक्य परत आलं. नेमकं काय खटकतंय ते सांगा, असं लिहिलं, तर तिसऱ्यांदा तेच, स्वल्पविरामासकट. दुरुस्ती करायला मी तयार होते. चूक कुठे आहे हे सांगायला समोरचं माणूस एक ओळ लिहीत नव्हतं, याचाच राग.

त्या दिवशी सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. फोनवर आयकॉन मोठा करून मी बघत होते: पिवळंजर्द केळं, दोन टपोरे डोळे, गालावर लाली, हसरं तोंड. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "केयले डोया काब्र? हाऊ ते पोरेस्ना खेय शे." (केळ्याला डोळे कशाला? हा तर पोरांचा खेळ आहे.) सात दिवस घेऊन जे कोणी सांगितलं नाही, ते त्यांनी सुपातून मान वर करून सांगितलं.

त्यानंतर मी नीट वाचायला बसले. अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा 1998 चा आहे, नियम 2000 पासून लागू आहेत आणि तिथे मूल म्हणजे 13 वर्षांखालचं. एखादी सेवा मुलांसाठी आहे का हे ठरवताना तिथे काय काय पाहतात, ते नियमातच दिलंय: विषय, चित्रं, कार्टून पात्रं, मुलांना आवडतील असे उपक्रम आणि बक्षिसं, संगीत, भाषा, चित्रांतल्या माणसांचं वय, मुलांचे लाडके चेहरे, मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती, आणि प्रत्यक्षात कोण वापरतं याचा पुरावा. एका गोष्टीवर निकाल लागत नाही, सगळं मिळून बघतात. "मी मोठ्यांसाठी केलंय" हे आपलं म्हणणं पुरेसं नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2021 मध्ये रिकलर नावाच्या ॲपवर कारवाई केली. ते मोठ्यांसाठी रंगभरणाचं ॲप होतं, पण त्यात मुलांच्या चित्रांचा एक वेगळा विभाग होता. तेवढा विभाग अंगाशी आला.

वहीत दोन रकाने आखून मी आपला गेम तपासला. मोठ्यांच्या बाजूला आलं: 60 व्या पायरीपासून तीस-चाळीस चाली, वेळेचं बंधन नाही, सूचना लांबलचक वाक्यांत. मुलांच्या बाजूला: डोळ्यांचं केळं, जिंकल्यावर टाळ्या आणि किलबिलाट, रोज हजेरी लावली की केळ्याला टोपी नाहीतर गॉगल. टोपीचं तर मला भारी कौतुक होतं.

दिवाळीत सात वर्षांचा भाचा आला होता, ते तेव्हा आठवलं. सहाव्या पायरीपुढे त्याला जमत नव्हतं, तरी दिवसातून दहा वेळा गेम उघडायचा. कोडं सोडवायला नव्हे, टोप्या घालायला. मध्येच कर्ज देणाऱ्या एका ॲपची जाहिरात आली आणि त्याने बटण दाबलं. मी फोन ओढून घेतला होता आणि विसरून गेले होते. प्रत्यक्षात कोण वापरतं याचा पुरावा तेव्हाच मिळाला होता. तुमच्या घरात मूल असेल तर फॉर्म भरण्याआधी त्याच्या हातात गेम द्या, काही बोलू नका, फक्त तो कुठे बोट लावतो ते बघा.

मी ठरवलं: केळ्याचे डोळे काढायचे, टोप्या काढायच्या, टाळ्यांच्या जागी क्रेट ठेवल्याचा ठक् आवाज. वयोगट 13 पासून पुढे. पण आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 पूर्ण न झालेलं प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलांवर पाळत ठेवायला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. म्हणून वैयक्तिक आवडीनिवडीवरच्या जाहिराती मी सगळ्यांसाठीच बंद केल्या, कर्जाच्या जाहिराती तर मुळातूनच. उत्पन्न घटलं. चालेल. आईचा फोन पोराच्या हातात जायचाच.

तुम्हाला मुलं आणि मोठी दोन्ही हवी असतील तर सुरुवातीला वय विचारावं लागतं. तिथे जन्मवर्ष विचारा. "तू 13 वर्षांचा आहेस ना?" असं विचारलं की मूल हो म्हणतं. आणि उत्तर दिल्यावर मागे जाऊन ते बदलता येऊ नये.

एवढं सगळं करून पाठवलं, तरी सहा दिवसांनी पुन्हा नकार! तेच वाक्य. त्या रात्री मी जेवले नाही. गेममधलं एकेक चित्र तपासलं, कुठे डोळे नाहीत. पहाटे स्टोअरचं पान उघडलं. मराठी पान बरोबर, हिंदी पान बरोबर, आणि इंग्रजी पानावर 1024 बाय 500 पिक्सेलचं जुनं मोठं चित्र तसंच होतं: टोपी घातलेलं, हसरं, डोळ्यांचं केळं. प्रत्येक भाषेच्या पानाची चित्रं वेगळी चढवावी लागतात, आणि मी दोनच बदलली होती. "इंग्रजी पानावरचं चित्र बघा", एवढे चार शब्द त्यांनी लिहिले असते तर माझी ती रात्र वाचली असती.

चित्र बदललं आणि चौथ्या दिवशी दुपारी गेम मंजूर झाला. सासूबाईंना नवा आयकॉन दाखवला: साध्या क्रेटमध्ये हिरवी फणी. त्यांनी फोन हातात घेतला आणि क्रेट भरता भरता बाराव्या पायरीपर्यंत गेल्या.