टीममधील एकूण सदस्य : १

इंजिनिअरिंग करताना कथा लिहायला वेळ कसा काढतेस, असं मला बऱ्याच जणींनी विचारलंय. वेळ निघतो. कसा ते सांगतेच, पण माझा जेवढा वेळ कथांनी खाल्ला नसेल तेवढा कॉलेजच्या एका फॉर्मने खाल्लाय, आणि त्या फॉर्मचं नाव काढलं की अजून डोकं फिरतं. त्यामुळे बाकीचं आधी पटापट उरकते.

मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, २०१९ पॅटर्न, म्हणजे त्या वर्षीचा अभ्यासक्रम. सेमिस्टरच्या मध्यात ३० मार्कांची इन-सेम, शेवटी ७० मार्कांची एंड-सेम आणि अधेमधे टर्मवर्क, प्रॅक्टिकल, ओरल, मिनी प्रोजेक्ट. ज्यांनी हे भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा की रात्री साडेबाराला आमच्या रूमवर लाइट चालू दिसला तर ती बहुधा असाइनमेंट असते, कथा नसते.

कथा मला सुचते ती प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवताना. एम (म्हणजे उद्देश), थिअरी, अल्गोरिदम, कन्क्लूजन... पानंच्या पानं हात आपोआप चालत असतो आणि डोकं पूर्ण रिकामं असतं. असा रिकामा वेळ दिवसात दुसरीकडे कुठे मिळतो? माझ्या एका कथेतलं सासू-सुनेचं अख्खं भांडण डीबीएमएस म्हणजे डेटाबेसच्या विषयाच्या राइट-अपवर तयार झालंय. फाइलच्या पानामागे कोरी बाजू असते, तिथे पेन्सिलने वाक्य टिपायचं आणि रूमवर आल्यावर वहीत उतरवायचं. एकदा सरांनी सही करताना पान उलटलं. नॉर्मलायझेशनच्या मागे लिहिलं होतं, ‘तू गेलीस तर कुकर कोण बंद करणार?’ सरांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता सही केली.

प्रत्यक्ष लिहायला मी रविवारी सकाळी बसते, तेही सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले. तिथे कुणी बोलत नाही आणि फोन हातात घेतला तर आपल्यालाच लाज वाटते. रूमवर लिहिणं मला कधीच जमलेलं नाही. तिघींपैकी एकीला तरी त्याच वेळी मॅगी करायची असते.

आणि दिवाळी अंकांचं वेळापत्रक आपल्याला सोयीचं आहे, हे लक्षात घ्या. एंड-सेम, ओरल सगळं जूनच्या आसपास आटपतं आणि बरेच अंक साहित्य मागवतात ते जून ते ऑगस्टमध्ये. पहिला खर्डा सुट्टीत गावी करायचा, जुलैत दुरुस्त्या करायच्या आणि पाठवून मोकळं व्हायचं. सगळ्यात भारी कथा मात्र पीएलमध्येच, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीतच सुचतात, अगदी पेपरच्या दोन दिवस आधी. तेव्हा चार ओळींची नोंद करायची आणि वही कपाटात टाकायची. हा नियम मी कडक पाळते, कारण घरून पैसे येतात ते बीईसाठी.

आता फॉर्म.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका गावात कथालेखनाची निवासी कार्यशाळा होती. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांचे मित्र मिळून गावच्या वाचनालयात ती घेतात. आधी कथा पाठवायची, त्यातून निवड. माझी झाली. गुरुवार ते रविवार. म्हणजे दोन दिवस कॉलेज बुडणार. रूममेट म्हणाली, “अगं, गपचूप जाऊन ये, कोण विचारतंय?” पण आमच्याकडे ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि जुलैत तापाने मी गावी पडून होते, त्यामुळे आधीच काठावर होते. शिवाय खरं सांगायचं तर, मला ते लेखी हवं होतं. क्रिकेटवाल्यांना ड्यूटी लीव्ह मिळते, म्हणजे बाहेर गेले तरी हजेरी लागते, रोबोटवाल्यांना मिळते, मग मला का नको?

स्टुडंट सेक्शनच्या खिडकीतून फॉर्म आणला. उपक्रमाचा प्रकार, त्यापुढे चौकोन: क्रीडा, तांत्रिक, सांस्कृतिक, एनएसएस. ‘इतर’ नाही. खिडकीतल्या काकांना विचारलं तर म्हणाले, “क्लास टीचरना विचार.” क्लास टीचर मॅडम म्हणाल्या, “कथा लिहायला सांगलीला कशाला जायला पाहिजे? घरी बसून लिही की.” यावर उत्तर देता आलं असतं, पण फॉर्मवर पहिली सही त्यांचीच होती. “सांस्कृतिकवर टिक कर,” असं सांगून त्यांनी सही केली आणि तिथून खरा खेळ सुरू झाला.

कारण सांस्कृतिकवर टिक केली की फॉर्मची मागची बाजू भरावी लागते. टीमचे नाव. टीम लीडर. टीममधील एकूण सदस्य. सोबत जाणारे प्राध्यापक. तालमीचे ठिकाण. मी टीम लीडरमध्ये माझं नाव लिहिलं, सदस्य १ लिहिले, बाकी ठिकाणी आडवी रेघ मारली. त्यावर कल्चरल को-ऑर्डिनेटरची सही हवी. ऑगस्ट म्हणजे पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी, त्यामुळे सर एक तर तालमीच्या हॉलमध्ये किंवा भरत नाट्य मंदिरात. शेवटी तालमीतच गाठलं. स्टेजवर कुणीतरी मरत होतं, त्यामुळे ते मरेपर्यंत मी थांबले. सरांनी फॉर्म वाचला.

“एकपात्री आहे का?”

“नाही सर, कथा आहे. लिहायची.”

“मग सादर कधी करणार?”

माझा पुरुषोत्तमवाल्यांवर राग नाही, हे इथेच सांगते. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे, पुण्यातल्या कॉलेजातली किती पोरं त्यातून लिहायला-बघायला शिकली. आमच्या कॉलेजच्या फेरीला मी दरवर्षी घसा बसेपर्यंत ओरडते. पण मागच्या वर्षीची एकांकिका ज्याने लिहिली तो माझ्याच वर्गातला. संहिता त्याने होस्टेलच्या गच्चीवर एकट्याने बसून लिहिली, मे महिन्याच्या उकाड्यात. त्या गच्चीबद्दल त्याला कुणी विचारत नाही. हजेरी मिळते ती तालमीची. म्हणजे चारचौघांत दिसेल ते काम, आणि एकट्याने केलं तर टाइमपास! लिहिणाऱ्याची हीच अडचण आहे, अभ्यास वगैरे नंतर. सरांना मी एवढं सगळं बोलले नाही. “सर, नंतर वार्षिकांकात छापून येईल,” म्हटलं. तेवढ्यावर त्यांनी सही दिली. (त्याच आठवड्यात वार्षिकांकाच्या मॅडमचा मेसेज होता: दोन पानं भरायची आहेत, एखादी कथा दे. कॉलेजला कथा हवी असते. ती लिहून झालेली हवी असते, एवढंच.)

मग खिडकीत परत. काकांनी फॉर्म उलटसुलट केला. “आयोजकांचं पत्र?” मी फोनवरचा निवडीचा मेसेज दाखवला. “हे चालत नाही. लेटरहेडवर पाहिजे, प्राचार्यांच्या नावे, सही-शिक्क्यासह. आणि जावक क्रमांक.”

जावक क्रमांक! ज्या कार्यशाळेत राहायची सोय शाळेच्या वर्गात आणि जेवण एका काकूंच्या घरी, तिचा जावक क्रमांक. मी निवृत्त सरांना फोन केला आणि शरमेने अर्धवटच सांगितलं. ते मात्र अजिबात गोंधळले नाहीत. वाचनालय ‘ब’ वर्गातलं, शासनाचं अनुदान घेणारं, त्यामुळे आवक-जावक नोंदवह्या, शिक्का, सगळं जागच्या जागी. “तू प्राचार्यांचं पद, कॉलेजचा पत्ता नीट लिहून पाठव, संध्याकाळी पत्र करतो,” म्हणाले. संध्याकाळी पत्राचा फोटो आला. काकांना फोटो चालेना, मूळ प्रत हवी. गावचा एक मुलगा हिंजवडीला कामाला आहे, तो सुट्टीला गेला होता. त्याच्या हाती पत्र निघालं आणि मी रात्री स्वारगेटला जाऊन ते घेतलं. वर वाचनालयाचं नाव, डाव्या कोपऱ्यात जा.क्र. आणि तारीख, खाली जांभळा गोल शिक्का थोडा वाकडा उमटलेला. ‘आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीची निवड झाली असून ही आपल्या संस्थेसाठीही अभिमानाची बाब आहे.’ माझ्याबद्दल कुणी इतकं औपचारिक मराठी त्याआधी लिहिलं नव्हतं. बसमध्ये मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

यानंतर एचओडी, म्हणजे विभागप्रमुख. त्या आठवड्यात नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी चालू होती, म्हणजे एचओडी आहेत पण नाहीत. केबिनबाहेरच्या बाकावर मी लेक्चरच्या मधल्या सुट्ट्या, जेवणाच्या सुट्ट्या सगळ्या घालवल्या. वाट बघताना लिहावं, असं लोक सांगतात. मला एक ओळ सुचली नाही. सगळं लक्ष दाराच्या कडीकडे! ती जरा हलली की उठून उभं राहायचं, आणि बाहेर यायचे ते फायलींचे गठ्ठे घेऊन शिपाई मामा. शेवटी त्यांनाच दया आली. त्यांनी माझा फॉर्म नॅकच्या सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला आणि दहा मिनिटांत सहीसकट बाहेर आणला. या मामांचं नाव मी माझ्या पहिल्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात घालणार आहे. पुस्तक निघेल तेव्हा निघो.

प्राचार्यांनी न वाचताच सही केली. कार्यशाळा छान झाली.

पण परत आल्यावर कळलं की ड्यूटी लीव्ह मंजूर होणं वेगळं आणि हजेरी लागणं वेगळं. मंजूर फॉर्म घेऊन प्रत्येक विषयाच्या सरांकडे, मॅडमकडे जायचं आणि त्यांनी ईआरपीत (कॉलेजच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये) ती नोंद करायची. आमच्या ईआरपीत आधीच्या आठवड्याची हजेरी सोमवारी लॉक होते, आणि मी परतले होते रविवारी रात्री. इन-सेमच्या तोंडावर नोटीस बोर्डवर डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे कमी हजेरीवाल्यांची यादी, लागली तर त्यात मी. ७३ टक्के. डिफॉल्टरना प्रत्येक विषयाच्या युनिट १ आणि २ ची उत्तरं हाताने लिहून द्यायची होती, वर पालकांच्या सहीचं हमीपत्र. आई फोनवर म्हणाली, “कथेचं शिबिर होतं ना? मग गैरहजर कशी लावली?” मी तिला काय सांगणार?

इथे एक गोष्ट सांगते, जी खरं तर सगळ्यात वर यायला हवी होती. शेवटची सही झाल्या झाल्या फॉर्मची झेरॉक्स काढा, दोन्ही बाजूंची. मी काढली होती. कारण मूळ फॉर्म स्टुडंट सेक्शनला ‘मिळालाच नव्हता’. फॉर्म जमा करताना झेरॉक्सवर घेतलेला आवक शिक्का दिसत होता, तारखेसकट. तो काकांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, खालचा कप्पा उघडला आणि फॉर्म निघाला. मग ईआरपी बघणारे सर म्हणाले, एचओडींचा मेल आल्याशिवाय अनलॉक करता येणार नाही. म्हणजे परत तोच बाक, तीच कडी. या खेपेला मी थेट मामांकडे गेले.

हजेरी झाली ७६. लिस्टमधून नाव गेलं, हमीपत्र द्यायचं टळलं. तोवर दोन विषयांची उत्तरं लिहून झाली होती, ती तशीच पडून आहेत. उतरवताना एक कथा मात्र सुचली. त्यात एक खिडकी आहे आणि खिडकीतले काका फार वाईट आहेत. प्रत्यक्षातले तितके नाहीत, त्यांनी फॉर्म शोधून दिला.

अजून काही गोष्टी आठवतायत त्या लिहून टाकते. अंकाकडे कथा पाठवताना युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ, दोन्ही पाठवा. काही ठिकाणी अजून जुन्या फॉन्टमध्ये अंक लावतात. कन्व्हर्ट करताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असले शब्द फुटतात, आणि मूळ शब्द काय होता हे त्यांना पीडीएफ बघूनच कळतं. मजकुरात कथेच्या खाली नाव-पत्ता-फोन लिहा, नुसता मेलमध्ये नको, कारण फाइल पुढे कुणाकुणाकडे जाते. उत्तर येईलच असं धरू नका. आणि ड्यूटी लीव्हचा अर्ज कार्यक्रमाच्या निदान तीन आठवडे आधी टाका. आयोजकांना पहिल्याच फोनला लेटरहेड, शिक्का आणि जावक क्रमांक तिन्ही सांगा, एकेक करून मागू नका. खिडकी अडीचला उघडते असं लिहिलंय, सव्वातीनला जा.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची कवितेच्या शिबिरासाठी निवड झालीय. ती खिडकीत गेली तर काका स्वतःहून म्हणाले, “सांस्कृतिकवर टिक कर, मागच्या वर्षी एकीला दिलंय.” म्हणजे आता आमच्या कॉलेजात तसा पायंडा पडला, आणि तो मी पाडला, याचा मला भलताच अभिमान आहे. माझी झेरॉक्स तिला नमुना म्हणून दिलीय. तिचा फॉर्म सध्या एचओडींच्या केबिनबाहेर थांबलाय. नॅक झालं, आता एनबीएची, म्हणजे अजून एका तपासणीची, तयारी चालू आहे.