श्लोंझाक अखेर सरळ उभी राहिली

दुसऱ्या महायुद्धातील श्लोंझाक या पोलिश विनाशिकेची पाण्यावर चालणारी प्रतिकृती मी बांधतो आहे. पूर्ण सुकाणू दिल्यावरही ती आता एका अंगावर अडकून राहत नाही, म्हणून रेलिंग आणि रंगकामाची ठरलेली नोंद पुढे ढकलून आज केवळ तिच्या तोलाविषयी लिहीत आहे.

1:96 प्रमाणात ही विनाशिका 89 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद आहे, आणि पूर्णभार जलरेषेवर ती बसायची तर एकूण वजन साधारण 1,620 ग्रॅमच ठेवावे लागते. एवढ्या अरुंद काठीवर तीन जोडतोफा, पॉम-पॉम (विमानविरोधी तोफ) आणि ब्रिज (जहाज चालवण्याचा मंच) चढले की गुरुत्वमध्य वर सरकतो. मूळ जहाजांनाही हेच भोवले होते. श्लोंझाक ज्या ब्रिटिश हंट वर्गातली, त्यातील एथर्स्टोन या जहाजाची कल-चाचणी (वजन बाजूला सरकवून जहाज किती कलते ते मोजणे) झाली तेव्हा वरचा भार अतोनात असल्याचे दिसले, आणि पहिल्या प्रकारातील जहाजांवरून एक जोडतोफ उतरवून तळाशी तोलासाठी 50 टन बॅलास्ट (जड भार) घालावे लागले. दुसऱ्या प्रकारात रुंदी 29 फुटांवरून साडेएकतीस फूट केल्यावरच तिसरी जोडतोफ ठेवता आली. श्लोंझाक त्याच प्रकारातली.

मग मीही तीच चाचणी केली. टाकीत 20 ग्रॅमचे वजन मध्यरेषेपासून 4 सेंटिमीटर बाजूला सरकवले आणि डेकवर टांगलेल्या ओळंब्याने कल मोजला, तो सुमारे 9 अंश भरला. म्हणजे मेटासेंट्रिक उंची (कललेले जहाज परत सरळ होण्याच्या क्षमतेचे माप) जेमतेम 3 मिलिमीटर! कारण पितळी तोफांच्या संचात निघाले, कारण विक्रेत्याने सांगितल्यापेक्षा तो बराच जड होता. दिसायला देखण्या असल्या, तरी पाण्यावर चालणाऱ्या विनाशिकेवर भरीव पितळेला जागा नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याऐवजी रेझिनमध्ये छापलेल्या पोकळ तोफा बसवल्या, वरून जेवढे वजन उतरले तेवढेच शिसे कीलला (तळाच्या कण्याला) चिकटवले आणि बॅटरी थेट तळावर आडवी टाकली. आता तोच कल साडेचार अंशांवर आला आहे, म्हणजे उंची दुपटीने वाढून 6 मिलिमीटर झाली. तलावावर वारा असतानाही तिने घेतलेले वळण पाहून फार समाधान वाटले.

हे लिहिता लिहिताच बेत बदलतो आहे. हेच जहाज 1941 मध्ये ब्रिटिश बीडेल म्हणून पाण्यात उतरले, 1942 मध्ये पोलिश नौदलाकडे जाऊन त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएपला लढले, आणि 1953 मध्ये भारतीय नौदलात गोदावरी झाले. गोदावरीची वेगळी, स्थिर प्रतिकृती करायचा विचार होता. तो सोडून वरचे बांधकाम चुंबकांवर उचलता येईल असे करतो, म्हणजे एकाच सांगाड्यावर दोन्ही रूपे चढवता येतील. अट एवढीच की दोन्ही संचांचे वजन आणि त्यांच्या गुरुत्वमध्याची उंची तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर शिशाचे गणित पुन्हा मांडावे लागेल. गोदावरीच्या मागच्या डेकची जवळून घेतलेली छायाचित्रे कोणाच्या घरी असतील तर अवश्य कळवावे, कारण त्यांच्यावाचून दुसऱ्या संचाचे स्टायरीन (प्लास्टिकचे पत्रे) कापायला मी सुरुवात करणार नाही.