५८ टक्केवाली पुतणी

आज पुतणीला घेऊन तालुक्याला सेतूत चार तास रांगेत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. बारावीला ५८ टक्के पडलेत, लातूर पॅटर्नच्या शेजारी राहून ५८ म्हणजे पाहुण्यांत कुणी पेढाबी मागत नाही, आन् भाऊ म्हणतो स्कॉलरशिप हुशार पोरांची असती, कशाला हेलपाटे. पण महाडीबीटीवर, म्हंजी सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाईटवर, बऱ्याच योजना मार्कांपेक्षा उत्पन्न बघतात राव! २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी पोरींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आन् परीक्षा फी पूर्ण माफ हाय, फक्त ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हंजी सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पायजे. मॅनेजमेंट कोट्यात घेतलं की गेलं. खात्याला आधार लिंक नाही ते तिथंच कळलं, उद्या परत बँक. पोरगी वडापाव खात म्हणली, काका, मग बी फार्मसी टाकू का?