जुना कोड, चालू धंदा: आमची वाटचाल

आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर बनवून घ्यायला सहसा कुणी येत नाही. ज्यांचं जुनं सॉफ्टवेअर अजून व्यवस्थित चालतंय, पण ते लिहिणारा माणूस आता सापडत नाही, असे लोक येतात. कोबोल, फॉक्सप्रो, क्लिपर, टर्बो पास्कल, व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषांत आमचा दिवस जातो. धंदा असाच करायचा, असं मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

सुरुवातीला आम्हीही चारचौघांसारखी फॉक्सप्रोमध्ये हिशेबाची, साठ्याची, पगाराची पॅकेजेस लिहून देत होतो. लहान ऑफिसांना तेव्हा दुसरं काही सुचतच नसे. साध्या मशीनवर फॉक्सप्रो पळायचं आणि लाखभर रेकॉर्डमधून हवं ते चटकन काढून द्यायचं. फॉक्स सॉफ्टवेअर ही मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्येच विकत घेतली होती, त्यामुळे या भाषेला मरण नाही असं सगळे धरून चालले होते. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ नंतर पुढची आवृत्ती येणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला सपोर्टही संपला. आमच्या बरोबरीच्यांनी जावा, डॉटनेटकडे मोर्चा वळवला. आमचंही तसंच ठरत होतं, पण फोन थांबेनात. इंडेक्स, म्हणजे रेकॉर्ड शोधायची सूची, करप्ट झालीय, हजारो रेकॉर्ड डिलीट केले तरी फाइल लहान होत नाही, टेबल २ जीबीला जाऊन अडलंय. यातलं काहीच आम्हाला नवं नव्हतं. फॉक्सप्रोत ‘डिलीट’ म्हणजे रेकॉर्डवर नुसती खूण होते, ‘पॅक’ केल्याशिवाय जागा सुटत नाही, आणि २ जीबी ही त्या टेबलची मर्यादाच आहे. पण हे सांगणारी माणसं दिवसेंदिवस कमी होत गेली आणि आपोआप कामं आमच्याकडे वळली.

पुढचा लोंढा मशीनमुळे आला. ६४ बिटच्या विंडोजवर तिच्या आधीच्या डॉस प्रणालीचे १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. जुनं मशीन बंद पडेपर्यंत हे कुणाच्या गावीही नसतं. एका कारखान्यात वजनकाटा सीरियल पोर्टवरून टर्बो पास्कलमधल्या प्रोग्रॅमला जोडलेला होता. मशीन जळालं, त्यातल्या त्यात जुनं पण आधीच्यापेक्षा वेगवान असं दुसरं बसवलं, आणि प्रोग्रॅम सुरू होताक्षणी ‘रनटाइम एरर २००’ देऊन बाहेर. या एररचा अर्थ शून्याने भागाकार. कारखान्यातला मुलगा काट्याच्या आकड्यांत शून्य शोधत बसला होता. दोष काट्यात नव्हताच. टर्बो पास्कलचं स्क्रीन सांभाळणारं युनिट सुरुवातीलाच घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, मशीन किती फेऱ्या मारतं ते मोजतं आणि त्या संख्येला ५५ ने भागतं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर फेऱ्या इतक्या होतात की उत्तर १६ बिटांत मावत नाही. मग प्रोसेसर भागाकार फसल्याचं कळवतो आणि पास्कल त्यालाच शून्याचा भागाकार म्हणतं. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कुणाकडेच नव्हता, म्हणून थेट चालणाऱ्या एक्झी फाइलमधले ते बाइट शोधून आम्ही बदलले. काटा पुन्हा बोलू लागला. आज असं काम आलं तर बहुतेक वेळा डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, भागतं. मजा कमी, पण क्लायंटला तेच परवडतं.

खरी कसोटी लागली कोबोलमध्ये शिरलो तेव्हा. १९५९ मध्ये अमेरिकेत एका समितीने ही भाषा आखायला घेतली, संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव. तेव्हा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर लिहीत, ते कार्ड ८० रकान्यांचं, म्हणून ठरलेल्या साच्यातल्या कोबोलची ओळ आजही तशीच आखलेली: पहिले सहा रकाने ओळ क्रमांकाला, सातवा खुणेला, आठपासून बाहत्तरपर्यंत कोड. त्र्याहत्तराव्या रकान्यात गेलेलं टिंब कंपायलर बघतही नाही, आणि नवा माणूस तासभर डोकं धरून बसतो. तरीही कोबोल अवघड आहे, हे मला पटत नाही. हुशार मुलगा ते लवकर वाचायला लागतो. त्या कोडमध्ये संस्थेचे जे नियम मुरलेले असतात ते समजायला वेळ लागतो, कारण कित्येकदा ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसतात.

एका वित्तसंस्थेचं व्याजाचं मॉड्यूल दुसऱ्या कंपनीने जावात नव्याने लिहिलं होतं. जुनं आणि नवं ताडून पाहायला आम्हाला बोलावलं. काही हजार खात्यांत फरक, तोही शेवटच्या दशांशाचा. सगळ्यांचं बोट जुन्या प्रोग्रॅमकडे. आम्ही ‘कम्प्यूट’ची ओळ काढून दाखवली: तिच्यात ‘राउंडेड’ हा शब्द नव्हता. तो नसला की कोबोल जास्तीचे दशांश सरळ छाटून टाकतं. नव्या प्रोग्रॅमने जवळच्या अंकाला पूर्णांकन केलं होतं. आता बरोबर कोण? वर्षानुवर्षं छापली गेलेली खातेपत्रकं छाटलेल्या आकड्यांवर होती. हा निर्णय प्रोग्रॅमरने घ्यायचा नसतो, आम्ही तो लेखापालांसमोर ठेवला. त्याच कामात एका रिपोर्टचा क्रमही उलटा येत होता. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या एबसिडिक या अक्षरसंकेतात अक्षरं आधी आणि अंक नंतर येतात, नव्या मशीनवरच्या आस्की संकेतात बरोबर उलट. अक्षराने सुरू होणारे खाते क्रमांक नव्या रिपोर्टात खाली गेले आणि तपासनिसाला वाटलं, खाती गहाळ झाली.

तिथेच एक ‘इफ’, म्हणजे ‘अमुक असेल तर’ अशी अट, सापडली: अमुक शाखा आणि मार्च महिना असेल तर एक पायरी वगळ. शेजारी कॉमेंट नाही. निवृत्त झालेल्या एका अधिकारीबाईंना विचारलं तेव्हा कळलं की त्या शाखेची वर्षअखेर पूर्वी वेगळ्या रजिस्टरवरून व्हायची. शाखा अजून आहे, रजिस्टर नाही. तो ‘इफ’ काढायला कुणी सही करेना, म्हणून नव्या प्रोग्रॅममध्येही तो आहे. निदान आता शेजारी कॉमेंट तरी आहे.

या कामानंतर आम्ही कोटेशनची पद्धत बदलली. आधी नुसतं वाचन, त्याचे वेगळे पैसे, आणि वाचून झाल्यावर ‘बदलू नका’ असा सल्लाही निघू शकतो, हे पहिल्याच भेटीत सांगतो. वाचायचे कसले पैसे, असं म्हणून निम्मे लोक उठून जातात. जाऊ देतो. एका रात्रीत जुनं बंद आणि सकाळी नवं चालू, असली कामंही घेत नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती एकदम नव्या प्रणालीवर नेली आणि लाखो ग्राहकांना स्वतःची खाती उघडता येईनात. पुढे २०२२ मध्ये नियामकांनी त्या बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. आम्ही दोन्ही प्रणाली समांतर चालवतो आणि एकेक मॉड्यूल सरकवतो. क्लायंटला दुहेरी खर्च पडतो, तो कुरकुरतो, आणि त्याचं कुरकुरणं रास्त आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं, असं जाहीरपणे सांगितलं. कोबोलमधल्या जुन्या प्रणालीवर बेकारीभत्त्याच्या अर्जांचा पूर आला होता. त्यानंतर आमच्याकडे चौकशा वाढल्या, बहुतेक एकच: किती माणसं देऊ शकता? खापर भाषेवर फुटलं. माझ्या मते तो अन्याय होता. वर्षानुवर्षं देखभालीवर खर्च न करता कोणतीही प्रणाली अशा गर्दीत लोटली तर ती धापा टाकणारच.

माणसं मिळवणं आम्हालाही जड जातं. बायोडेटावर कोबोल दिसलं तर पुढे कोण घेईल, ही पोरांची भीती खोटी नाही. म्हणून जुना कोड आम्ही गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात आणला, ग्नूकोबोल या मोफत कंपायलरवर कंपाइल करून त्याच्याभोवती स्वयंचलित चाचण्या लिहून घेतो. इथून बाहेर पडणाऱ्याला चाचण्या आणि डेटा स्थलांतर नीट येतं, ते कुठेही खपतं. हल्ली एआय साधनं कोड वाचून सारांश देतात आणि आम्ही ती वापरतोही. मार्च महिन्यात पायरी वगळली जाते, हे ती बरोबर सांगतात. का, ते विचारायला अजून फोनच करावा लागतो.

सध्या तारखांची कामं जोरात आहेत. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक असत. २००० च्या वेळी अनेकांनी ते तसेच ठेवले आणि ५० च्या आतलं वर्ष २००० नंतरचं धरायचं, अशी पट्टी मारली. २०५० च्या पुढे जाणाऱ्या दीर्घ मुदतीच्या कर्जांत ती पट्टी आता उघडी पडायला लागली आहे. आणि १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या, सी भाषेतल्या प्रोग्रॅमांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, ग्रिनिच वेळेप्रमाणे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनंतर, उलटून १९०१ मध्ये जातं. एका क्लायंटकडे आम्ही टेस्ट सर्व्हरची तारीख तिथवर पुढे नेऊन बॅच, म्हणजे एकगठ्ठा चालणारी कामं, चालवली. पंधरा वर्षांच्या हप्त्यांचं वेळापत्रक मात्र तारीख न हलवताही आजच चुकत होतं. त्याची दुरुस्ती चालू आहे.