कुजकी फळी काढायची घाई

जुनं लाकडी जहाज गोदीत चढलं की सगळ्यांचे हात आधी कुजक्या फळीकडे जातात. ते आवरायला हवेत. फळी नवी मिळते, बरगडीही मिळते. जहाजाचा आकार एकदा ढळला की तो कुठल्याच वखारीत मिळत नाही.

आकार ढळतो पाण्यातच. नाळ (जहाजाचं पुढचं टोक) आणि पिछाडी अरुंद, त्यांना पाणी कमी उचलतं. मधल्या फुगीर भागाला जास्त. वर्षानुवर्षं हेच चाललं की दोन्ही टोकं खाली बसतात आणि तळाचा कणा मधोमध वर येतो. अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जुन्या लाकडी युद्धनौकेचा कणा असा 13 इंचांच्या आसपास वर आला होता. 1992 ला सुरू झालेल्या दुरुस्तीत तो कोरड्या गोदीतल्या ठोकळ्यांवर हळूहळू बसू दिला आणि आतून तिरपे आधार पुन्हा घातले. इथे जॅक लावून जोर केला तर सांधे उसवतात, फळ्या तडकतात.

म्हणून क्रम असा: डोलकाठ्या उतरवायच्या, पोटातलं वजन काढायचं, दोरी-ओळंब्याने मापं घेऊन पातळ फळीचे साचे करायचे, टेकू द्यायचे. मगच पटाशी. बरगड्या बदलताना एक काढली की शेजारच्या दोन तरी जागेवर राहिल्या पाहिजेत. नवी पक्की बसल्याशिवाय पुढचीला हात नाही. एक बाजू पूर्ण उघडी टाकून दोन महिने लाकडाची वाट पाहणं म्हणजे साचे असूनही आकार गमावणं.

कूज शोधायची ती पाण्याखाली नव्हे, वर. खारं पाणी लाकूड सहसा कुजवत नाही. डेकच्या फटीतून झिरपून बरगडीच्या माथ्यावर साचलेलं पावसाचं पाणी कुजवतं. ओलावा 20 टक्क्यांवर राहिला की बुरशी धोक्याची. रंग वरून चकचकीत असतो, म्हणून हातोडीने ठोकत जायचं. 'भद्द' आवाज आला की तिथे टोच्या. पाण्याखालचा शत्रू वेगळा, लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या जातीचा किडा. बाहेर टाचणीएवढं भोक, आत फळीची चाळण.

नवी फळी वाफवायला इंचभर जाडीला एक तास. पेटीतून काढल्यावर हाताशी मिनिट-दोन मिनिटं असतात, तेवढ्यात ती वाकवून शिकंज्यात आवळायची. भट्टीत सुकवलेलं लाकूड इथे दगा देतं, वाकताना तडकतं. हवेत मुरलेलं हवं. फळ्यांचे जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. आले तर तिथेच दुबळी रेघ पडते. लाकडी मेखा कोरड्याठाक ठोकायच्या, म्हणजे पाण्यात फुगून घट्ट धरतात. मेखेच्या डोक्यात पाचर मारताना ती फळीच्या रेषांना आडवी. रेषांच्या दिशेने मारली की फळी चिरते. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, आणि तांबं-लोखंड शेजारी आले तर समुद्राचं पाणी लोखंडच संपवतं. सागात लोखंडाला एवढा त्रास नाही. मुंबईत 1817 साली सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका अजून तरंगते आहे, त्यात सागाचा वाटा मोठा.

सगळ्यात कमी लेखलं जातं ते कलाफतीचं, म्हणजे फळ्यांमधल्या फटी बुजवण्याचं काम. दोन फळ्यांमधली फट आतून मिटलेली आणि बाहेर किंचित उघडी हवी, इंचभर जाडीला साधारण दीड मिलिमीटर. आधी कापसाची वात, मोठ्या फटीत त्यावर डांबरात भिजवलेला तागाचा पिंजर, वर राळ किंवा पुट्टी. वात सलग ओढून भरायची नाही. बोटभर वळसे घालत छिन्नीने टेकवायची, मग मोगरीने बसवायची. कान उघडे ठेवायचे. सैल फटीत छिन्नी मठ्ठ वाजते, भरत आली की आवाज टणक होतो. तिथे थांबायचं. आणखी चार ठोके घालणाऱ्याला वाटतं काम पक्कं झालं. पण ती फळी पाण्यात फुगायला जागा मागते, आणि जागा नसली की बरगडीपासून सुटते, मेखा उपटते. फट आतूनही उघडी असेल तर वात सरळ पोटात जाते. तशा फटीत नुसता कापूस कोंबत बसू नये, लाकडाची पट्टी घालावी.

पाण्यात सोडल्यावर जहाज गळणारच. लाकूड फुगेपर्यंत पहिले काही दिवस पंप रात्रंदिवस चालू, माणूस जागा. ठिपकणाऱ्या फटींवर खडूने खूण करायची आणि गळती दिवसागणिक उतरतेय का पाहायचं. उतरत असेल तर हात लावू नये. जी धार तिसऱ्या दिवशीही तेवढीच, तिच्यापुरतं जहाज पुन्हा वर काढावं लागतं.